स्प्रे हवा असल्यास अर्ज करावा

२ मार्च २०१९

छावणी सुरू होऊन आठवडा झाला. छावणीच्या रजिस्टरांत जनावराच्या कानातल्या बिल्ल्यापासून पेंडीच्या पोत्यापर्यंत सगळ्याला रकाना आहे. माणसांबद्दल लिहायला रकाना नाही, म्हणून ही वही केली. ही कोणी वाचणार नाही, तेव्हा अक्षर चांगलं काढायची गरज नाही. तरी काढते आहे. जन्मभर फळ्यावर लिहिलेला हात ऐकत नाही.

यंदा आष्टीकडच्या विहिरी जानेवारीतच आटल्या. कडबा संपला. आमच्या महिला दूध संस्थेनं माळावर चारा छावणी घेतली आणि संस्थेची अध्यक्ष म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. निवृत्त शिक्षिकेला गावात रिकामं बसलेलं कोणाला बघवत नाही. पुरुष कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्याला बांधकामावर गेलेले. जनावरांपाशी राहतात त्या बायका. दावणीशेजारी बाज, भोवती जुन्या साड्यांचा आडोसा, पुढे तीन दगडांची चूल. असे हे संसार पाऊस पडेपर्यंत चालायचे.

छावणीचा व्यवस्थापक बंकट. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ आणि वहिनी गेले तेव्हा तो चौथीत होता, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. मला मूलबाळ नाही, पण त्याच्यामुळे ते कधी जाणवलं नाही. चाऱ्याच्या, पेंडीच्या खोलीच्या, ऑफिसच्या कपाटाच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला असतात. रात्रीसुद्धा रांगांमधून स्वतः फेरी मारतो. मी म्हटलं, "अरे, झोपत जा की जरा." तर म्हणाला, "आत्या, बायामानसं उघड्यावर निजत्यात. कुनीतरी जागं पायजे का न्हाई?" ऐकून बरं वाटलं.

५ मार्च

महिला दिनाची तयारी म्हणून बायकांची बैठक घेतली. हार-तुरे, भाषण एवढंच ठरवायचं होतं. मध्येच छबुबाई उठली. ही संस्थेची सगळ्यांत जुनी सभासद, दोन म्हशी आणि एक नात घेऊन छावणीत आहे. म्हणाली, "बाई, राती कुनीतरी फिरतंय. आडोशाच्या साड्या वर करून बघतंय."

"कोण?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी दारात उभ्या असलेल्या बंकटकडे पाहिलं. तो ताबडतोब म्हणाला, "बंदोबस्त करतो." बायका माती उकरत बसल्या. शाळेत माझा नियम होता, नाव घेऊन सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर ती चुगली. तोच इथे ऐकवला. माझा अंदाज असा की नगरकडून उसाचे ट्रॅक्टर येतात त्यांचे ड्रायव्हर असावेत. मुक्कामाला इथेच थांबतात मेले.

फरीदा आमच्याकडे दूध संकलनावर फॅट तपासते. आष्टीच्या स्टँडजवळ पंक्चर काढतात त्या खाजामियाँची मुलगी. नगरच्या कॉलेजात जाते-येते. तिनं पर्समधून बोटाएवढी लाल बाटली काढून दाखवली. "बाई, मिरचीचा स्प्रे. अब्बांनी घेऊन दिला. बसमध्ये कामाला येतो." मला कल्पना एकदम पसंत पडली. महिला दिनाला साडी नाही, स्टीलचा डबा नाही, प्रत्येक सभासदाला स्प्रे! छबुबाईला मी म्हटलं, "तुला गं कशाला? तुझ्याकडे बघूनच माणूस पळेल." सगळ्या हसल्या. छबुबाई हसली नाही. वयानं माणूस चिडकं होतं.

८ मार्च

कार्यक्रम झकास झाला. स्प्रे बंकटनंच नगरहून आणले. प्रत्येकीनं बाटली हातात धरून फोटो काढला. बीडच्या पेपरात येईल म्हणतात.

फोटो झाल्यावर बंकट कानाशी लागला. "आत्या, ह्यो संस्थेचा माल हाय. साठ्याला चढवावा लागंल. आन् बायांच्या हातात तिखट दिलं तर नळावर भांडान झालं की एकमेकीच्या डोळ्यात मारतील. लहान पोरं हायती. कुलपात ठिवू, लागंल तशी देऊ." बोलणं बरोबर होतं. टँकर आला की कळशीवरून झिंज्या धरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाटल्या परत गोळा केल्या. काही बायकांनी मुठी सोडायला वेळ लावला, त्याची मला गंमत वाटली. मिळालेला खाऊ परत दे म्हटल्यावर पहिलीची पोरं अशीच करतात.

नियम ठरवला आणि ऑफिसच्या दारावर लावला: "स्प्रे हवा असल्यास व्यवस्थापकाकडे कारणासह लेखी अर्ज करावा."

११ मार्च

निवडणुकीची आचारसंहिता लागली. बंकटनं नवीनच भीती घातली. "आचारसंहितेत परवान्याची हत्यारं ठान्यात जमा करावी लागत्यात. आपल्याकडं तर परवानाबी न्हाई. कुनी तक्रार केली तर अध्यक्ष म्हनून तुझं नाव येतंय. जमाच करून टाक. न्हाईतर जाळून टाकू."

हत्यार असेल असं मला वाटत नव्हतं. पण जन्मात कधी कारणे दाखवा नोटीस घेतली नाही, ती आता म्हातारपणी कोण घेणार? उद्या पिशवी घेऊन ठाण्यात जाते.

१२ मार्च

आज फजिती झाली, पण फायद्याची.

ठाण्याच्या व्हरांड्यात बंदुका जमा करणाऱ्यांची रांग. पुढे सुंदरराव, दुनळी बंदूक खांद्याला. पंचक्रोशीतले मोठे बागायतदार, यंदा बागायत कसली, पण बंदूक आहे. त्यांच्या मागे मी, बाजाराची पिशवी घेऊन. "बाई, तुमीबी हत्यार काढलं का?" म्हणाले. मी पिशवी उघडून दाखवली. सुंदरराव इतके हसले की बंदूक दुसऱ्याकडे धरायला द्यावी लागली.

जमादार धोंडीराम माझाच विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण वागायला सरळ. उठून खुर्ची दिली. "बाई, ही हत्यारं न्हाईत. परवाना लागत न्हाई. दुकानात मिळतो, मोबाईलवरून मागवता येतो. बाईनं पिशवीत ठेवावा, कुनी विचारनार न्हाई."

"मग वापरला तर?"

"वापरला कसा, ते कायदा बघतो. अंगावर आलेल्याला अडवण्यापुरता मारला, तर तो स्वसंरक्षणाचा हक्क. दंड संहितेतच हाय. पन भांडणात मारला, सूड म्हणून मारला, तो पळून चालल्यावर मागं जाऊन मारला, तर मारणारीवरच दुखापतीचा गुन्हा. जेवढी गरज तेवढंच. आन् आधी मदत मागायला वेळ होता का, तेबी बघत्यात. वेळ होता आन् मागितली न्हाई, तर हक्क लंगडा पडतो."

मी सगळं लिहून घेतलं. कायदा मला आवडला. शाळेच्या नियमांसारखा आहे, आधी बाईंना सांगायचं, मग हात उचलायचा. पिशवी परत आणली. बंकटला वाटलं होतं मी रिकाम्या हाताने येईन. "परवाना लागत नाही," म्हटल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मुलाचा जीव लागलेला असतो, बाकी काय.

१४ मार्च

धोंडीरामनं सांगितलेलं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून ऑफिसच्या भिंतीला लावलं. वर शीर्षक, "आपला हक्क आणि त्याची मर्यादा". बायकांना वाचून दाखवलं. मर्यादा दोनदा वाचली. शिवकन्या म्हणून एक तरुण बाई आहे, दहावी झालेली, नवरा ऊसतोडीला सांगलीकडे. तिनं हात वर करून विचारलं, "हात धरला तर मारता येतो का? का अजून कायी करंस्तोर थांबायचं?"

मला प्रश्न चांगला वाटला. म्हटलं, पुढे काय होणार याची खरी भीती वाटली तर थांबायची गरज नाही. मग गमतीनं म्हटलं, "पण हात धरला म्हणून नवऱ्याला मारशील!" बायका हसल्या. बंकट कपाटाला टेकून उभा होता, तोही हसला.

१९ मार्च

शिवकन्या आली होती. तिची जागा बदलून हवी. तिच्या दोन गायी पेंडीच्या खोलीशेजारच्या रांगेत आहेत. तिथे सावली आहे, पाण्याची टाकी जवळ आहे. बंकटनं तिला मुद्दाम चांगली जागा दिली आणि हिला नको.

"का नको?"

"असंच."

"असंच हे कारण होत नाही."

पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत उभी राहिली. मग म्हणाली, "मग त्यो स्प्रे तरी द्या."

"दारावर वाच काय लिहिलंय. अर्ज कर, कारण लिही. दहावी झालीस ना?"

"तुमी देत न्हाई का?"

"किल्ली माझ्याकडे नसते."

गेली. तरुण मुलींना नियम म्हणजे अडवणूक वाटते. मी चार पिढ्यांना अर्ज लिहायला शिकवलं, दोन ओळी लिहून कोणी मेलं नाही.

२८ मार्च

तहसीलमधून छावणीची माहिती मागवली. त्यात महिलांच्या सुरक्षेचा रकाना होता. मी लिहिलं: "स्वसंरक्षणाची साधने उपलब्ध. मागणीचा एकही अर्ज प्राप्त नाही. सबब छावणीतील वातावरण सुरक्षित आहे." वाक्य उतरलं मात्र छान.

फरीदा शेजारी दुधाचे नमुने लावत होती. न विचारता म्हणाली, "बाई, अर्ज येणारच नाहीत."

"का गं?"

"वाटून टाका ना सरळ. कुलपातला स्प्रे काय कामाचा?"

"आणि मग पोरांच्या डोळ्यात गेला तर तुझे अब्बा येणार आहेत का?" माझा आवाज चढला. तिनं मान खाली घातली आणि यंत्रात नमुना घातला. एरवी गोड मुलगी आहे. माझा स्वभाव तिखट झालाय, पाणी कमी पितो आहोत सगळेच.

३ एप्रिल

छबुबाई छावणी सोडून गेली. दोन्ही म्हशी आणि नात घेऊन. घरी कडब्याची काडी नाही, म्हशींना घालणार काय?

"नात न्हाती झाली," म्हणाली.

"मग काय झालं? इथं बायकाच बायका आहेत. तुझ्या वयाच्या, तिच्या वयाच्या."

"म्हनून तर."

बोलणं काही कळलं नाही. मी म्हटलं, "एक म्हैस मेली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस." ती म्हणाली, "म्हैस मेली तर दुसरी घेता येती, बाई." आणि म्हशीला टिचकारत निघाली. तिच्या जागी बंकटनं लगेच दुसऱ्या जनावरांची नोंद केली. कामात तो चोख आहे.

९ एप्रिल

क्रमाने लिहिते.

संध्याकाळचं दूध संकलन सुरू होतं. फरीदा यंत्रावर, मी शेजारी. पेंडीच्या खोलीकडून ओरडण्याचा आवाज आला आणि बंकट बाहेर धावत आला. दोन्ही हात डोळ्यांवर, नाकातोंडातून पाणी, खोकल्याने कमरेत वाकलेला. त्याच्या मागे शिवकन्या आली. ती पळाली नाही, ओरडली नाही. दारात उभी राहिली. हातात लाल बाटली.

टँकर आला नव्हता, टाकीत तळाला गढूळ पाणी. मी दुधाची कॅन उचलली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन डोळ्यांत दूध ओतायला लागले. फरीदा ओरडत होती, "बाई, दुधानं जात नाही! पाण्यानं धुवा, माझ्या बाटलीतलं घ्या!" मी ऐकलं नाही. लहानपणी डोळे आले की मी त्याला दुधाच्याच पट्ट्या ठेवायची. तो "आत्या, आत्या" करत होता. सगळ्या रांगांतल्या बायका जमल्या होत्या. एकही पुढे आली नाही. गावच्या डेअरीचं दूध मातीत चाललं होतं आणि एकीच्याही तोंडून "अरेरे" निघालं नाही, हे मला तेव्हा फार लागलं.

आवाज फुटल्यावर तो म्हणाला, "पेंड चोरताना धरली. म्हनून मारला."

तिला विचारलं. ती म्हणाली, "त्यांनी हात धरला. कडी लावली."

बाटली संस्थेची नव्हती. फरीदाची होती. फरीदानं स्वतःच सांगितलं, दोन आठवड्यांपूर्वीच दिली म्हणून. मी तिला घरी जायला सांगितलं.

१० एप्रिल

जमादार धोंडीराम येऊन गेला. बाटली जप्त करून नेली. दोन्हीकडच्या तक्रारी आहेत. बंकटची, चोरी आणि दुखापत. तिची, विनयभंग. बंकटबरोबर आष्टीचा वकील होता. त्याचं म्हणणं मुद्देसूद होतं. बाई स्वतःच सांगते की महिनाभर त्रास होता. मग महिनाभर तक्रार का नाही? उलट दुसऱ्याची बाटली मागून ठेवली, पदराआड घेऊन खोलीत गेली. म्हणजे ठरवून केलेला हल्ला. मदत मागायला वेळ असताना मागितली नाही, तिथं स्वसंरक्षण बसत नाही.

माझ्याच भिंतीवरच्या कागदातलं वाक्य होतं ते.

संस्थेतर्फे पत्र तयार केलं: शिवकन्यानं गैरवर्तनामुळे १३ तारखेच्या सकाळपर्यंत दोन्ही गायी छावणीतून न्याव्यात. वाईट वाटलं. एक गाय गाभण आहे. बाहेर नेली तर पंधरवडाही काढणार नाही. पण नियम भावनेवर चालत नाहीत. बंकटचे डोळे अजून टोमॅटोसारखे लाल आहेत, मी रात्रभर त्याच्या उशाशी होते.

११ एप्रिल

पत्र द्यायला मीच गेले. शिपायाकडून पाठवणं बरं दिसलं नसतं.

शिवकन्या गाभण गायीच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होती. पत्र वाचलं, घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं. मी म्हटलं, "मला एवढंच सांग. स्प्रे हवा होता तर संस्थेकडून का नाही घेतलास? माझ्याकडे आलीस, मी काय सांगितलं होतं? दोन ओळींचा अर्ज केला असतास तर आज वकिलाला तोंड उघडायला जागा राहिली नसती."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. वर्गात एखादं मूल बाईंकडून चूक झाली की बघतं, सांगावं की नको, तसं.

"अर्ज कुनाकडं करायचा व्हता, बाई?"

"व्यवस्थापका..."



"आन् कारन काय लिव्हायचं व्हतं? तुमीच सांगा. त्येंच्या हातात देयाच्या कागदावर मी काय कारन लिव्हू?"

गायीनं शेपटी मारली. मी तिथून कशी आले ते आठवत नाही. ऑफिसच्या दारावरचा कागद तसाच होता. माझंच अक्षर, वळणदार.

१२ एप्रिल

सकाळपासून एकच विचार. पेंडीच्या खोलीला कुलूप असतं. किल्ली बंकटच्या कमरेला. त्यानं उघडल्याशिवाय कोणी आत जाऊ शकत नाही. मग चोर आत शिरला कसा? एवढं साधं गणित. चौथीच्या पोराला घातलं असतं तर सुटलं असतं.

मनाला म्हटलं, कुलूप राहिलं असेल उघडं. मग छबुबाई आठवली. बैठकीत सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं, तेही आठवलं. रात्रीच्या फेऱ्या आठवल्या.

दुपारी त्याला जेवायला वाढलं. तोंड धुवून, नीळ घातलेला सदरा घालून बसला होता. मी विचारलं, "बंकट, खोली कोणी उघडली?"

"मीच. तिला पेंड देयाची व्हती."

"मग चोरी कुठली?"

भाकरीचा तुकडा त्याच्या हातात राहिला. मग हसला. लहानपणी फुटलेली पाटी मागे लपवून हसायचा, तसंच. "आत्या, जरा चेष्टा केली. हात धरला आसंल. तेवढ्यावरून कुनी डोळ्यात मिरची मारतं का? आंधळा झालो असतो मी."

"कडी कोणी लावली?"

"तू कावून जमादारावानी विचारायली? तूच लहानाचा मोठा केला ना मला?"

मी त्याच्या ताटात कालवण वाढलं. हात सवयीने चालला. तो जेवला. पोटभर जेवला. मला तो पोटच्या पोरासारखा आहे. आहे, असंच लिहिते आहे, होता असं लिहिता येत नाही. आणि मी त्याच्या हातात किल्ल्या दिल्या, बायकांना त्याच्याकडे अर्ज करायला लावलं, वर भिंतीवर हक्क लिहून लावला. उद्या सकाळी त्या गायी छावणीबाहेर जाणार, माझ्या सहीनं.

१३ एप्रिल

पहाटेच शिवकन्याच्या दावणीपाशी गेले. ती दावं सोडत होती. पत्र परत मागितलं आणि तिच्यासमोर फाडलं. तिनं दावं पुन्हा बांधलं.

मग ठाण्यात. धोंडीरामनं खुर्ची दिली. मी उभीच राहिले.

"माझा जबाब लिहून घे. ती बाई मदत मागायला आली होती. १९ मार्चला. छावणीची अध्यक्ष म्हणून माझ्याकडे. जागा बदलून मागितली, मी दिली नाही. स्प्रे मागितला, मी दिला नाही. वकील म्हणतो, तिनं कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं होतं."

धोंडीराम म्हणाला, "बाई, ह्यात तुमच्यावर ताशेरे येतील. छावणी जाईल कदाचित संस्थेकडनं."

"लिही."

"आन् बंकट..."

"खोली त्यानंच उघडली, हे तो माझ्यापाशी बोललाय. हात धरला, हेही. तेही लिही."

त्यानं लिहिलं. अक्षर अजून गिचमिड आहे. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, मी दुरुस्त केलं नाही. सही केली. दुपारी पोलीस बंकटला घेऊन गेले. मी घरात होते, बाहेर आले नाही. त्यानं जाताना किल्ल्यांचा जुडगा ओट्यावर ठेवला होता.

१४ एप्रिल

कपाट उघडलं. दारावरचा कागद काढला. बायकांना बोलावलं. सही नाही, अर्ज नाही, फोटो नाही. एकेकीच्या हातात बाटली दिली. हसणं-खिदळणं काही नव्हतं, रेशन घ्यावं तशा घेत होत्या.

छबुबाई गावातून आली होती. कोणी कळवलं कोण जाणे. म्हणाली, "मला दोन लागतील." दोन कशाला, हे मी विचारलं नाही. दिल्या. म्हशी परत आण म्हटलं. "बघते," म्हणाली.

फरीदाला शेवटी बोलावलं. तिची स्वतःची बाटली पोलिसांकडे मुद्देमालात आहे, मोकळ्या हाताने बसनं जात होती जवळजवळ तीन आठवडे. तिला एक दिली. नियमाने ती सभासद नाही. नियम माझाच होता. मी म्हटलं, "त्या दिवशी घरी जा म्हटलं, ते मनात ठेवू नकोस." ती म्हणाली, "नाही ठेवलं, बाई." आणि दूध तपासायला बसली.

१७ एप्रिल

शिवकन्यावर गुन्हा दाखल होणार नाही, धोंडीरामनं सांगितलं. जेवढी गरज तेवढंच मारलं आणि तो बाहेर पळाल्यावर ती दारातच थांबली, हे सगळ्यांनी पाहिलं, त्याचा उपयोग झाला. गाय या आठवड्यात विईल. तहसीलची माझ्या नावे नोटीस आली. कारणे दाखवा. दाखवीन.

बंकटला जामीन झाला. गावात यायचं नाही या अटीवर. गेवराईला मावसबहिणीकडे गेलाय. दुपारी त्याचा फोन आला होता.

"आत्या, जेवली का?"

"जेवले."

"डोळे अजून झोंबत्यात गं. वकील म्हनतो, तुझा जबाब तेवढा मागं घेतला तर सगळं मिटतंय. घरातल्या घरात." मग रडायला लागला. "तिकडं असतो तर तू दुधाच्या पट्ट्या ठिवल्या असत्या."

पलीकडे बराच वेळ तो नाक ओढत होता. मी ऐकत होते. त्याचं रडणं मला पाठ आहे, कुठे श्वास घेतो तेही.

म्हटलं, "दूध घालू नकोस. दुधानं काही होत नाही. पाण्यानं धू."

"म्हंजी जबाब..."

"पाण्यानं धू, बंकट."

आणि मीच फोन ठेवला. नंतर पुष्कळ रडले. पाच वाजता संकलन होतं, तेव्हा तोंड धुवून गेले.